घाटनांदूरचा सेकंद

घाटनांदूरला स्टेशनच्या रस्त्यावर शिवलिंगप्पांचं किराणा दुकान होतं. त्यांची थोरली लेक शिवांजली बीडला राहून इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा करून आली, तेव्हा आता ही पुण्याला जाणार असं सगळ्या बाजारानं ठरवून टाकलं होतं. दिवसच तसे होते. गावात एसटीडीचे पिवळे बूथ उघडत होते, पत्र्यांवर डिशच्या छत्र्या उगवत होत्या आणि चार बुकं शिकलेला जो तो पुण्याची गाडी धरत होता. शिवांजलीनं मात्र गावाबाहेर माळाच्या उतारावर नव्यानं बांधलेल्या भूकंप नोंदणी केंद्रात तंत्रसहायकाची जागा धरली.

तिच्या आईला, मल्लम्माला, ते पटलं नाही. "पुण्याला जायचं सोडून दगडाची नाडी बघत बसतीस कावून?"

"किल्लारी झाली तवा आपण महिनाभर अंगणात झोपलो, अव्वा," शिवांजली म्हणाली. "जमीन कुठं हलली, किती हलली, कुणाला धड सांगता येत नव्हतं. आता ते आपल्या गावातून सांगता येईल."

मल्लम्माचा डबा मात्र त्या दिवसापासून जरा जास्त भरलेला जायला लागला.

केंद्र म्हणजे दोन खोल्या, काळ्या खडकात खोदलेल्या खड्ड्यातलं कंपनमापक आणि एक संगणक. जमीन हलली की संगणक लहर टिपायचा आणि तिच्यावर वेळ घालायचा. चार-पाच केंद्रांच्या वेळा एकमेकींशी ताडल्या की भूकंप कुठं झाला ते कळतं. म्हणजे सगळा खेळ घड्याळाचा. आणि संगणकाचं घड्याळ बघावं तर रोज थोडं सरकायचं.

त्यावर इलाज म्हणून हैदराबादच्या मुख्य केंद्रातून जीपीएसचा रिसीव्हर आला. उपग्रहांकडून वेळ घ्यायची आणि संगणकाला द्यायची, एवढंच त्याचं काम. तो दोन गोष्टी पाठवायचा. एक, तारीख-वेळेची अक्षरं. दुसरा, दर सेकंदाच्या आरंभाला विजेचा एक ठोका. अडचण अशी झाली, की केंद्रावर लिंबाची दाट झाडं होती आणि आभाळ उघडं होतं ते पार वरच्या पाण्याच्या टाकीपाशी. रिसीव्हर तिथं बसवला तर संगणक राहिला खाली, लांब. रिसीव्हर बोलायचा आरएस-२३२ या पद्धतीनं, आणि ती पद्धत चार हातांवरच्या यंत्राशी बोलायला बरी. लांबच्या तारेत शेजारच्या मळ्यांतल्या मोटारींचा गोंधळ मिसळायचा आणि खाली नुसता कचरा पोचायचा.

रिसीव्हर कपाटात पडून राहिला. केंद्राचे चौकीदार धोंडीराम रोज त्याच्यावरची धूळ पुसायचे आणि म्हणायचे, "नवरदेव आलाय, पर वरात निघंना."

शिवांजलीला उपाय पुस्तकातून माहीत होता. आरएस-४२२ नावाची दुसरी पद्धत असते. तिच्यात एका इशाऱ्याला दोन तारा. एक वर गेली की दुसरी खाली जाते, आणि पलीकडचं यंत्र फक्त दोघींमधला फरक बघतं. वाटेत गोंधळ मिसळला तर तो दोन्ही तारांत सारखाच मिसळतो, म्हणून फरक शाबूत राहतो. एका पद्धतीचं बोलणं दुसरीत करणारी डबी वर आणि उलटं करणारी डबी खाली, एवढं जमलं की झालं. तिनं हैदराबादच्या अमरनाथ सरांना बूथवरून फोन केला. सर म्हणाले, तयार डब्या यायला वेळ लागेल, तुम्हाला करता येत असतील तर करा.

तिनं औरंगाबादहून चिपा मागवल्या, घरच्या ओसरीवर बसून सर्किटच्या पट्टीवर सोल्डरचे डाग दिले आणि दुकानातल्या बिस्किटांच्या दोन पत्र्याच्या डब्यांत सगळं बसवलं. धोंडीरामनं माळावरून चर खणला, केबल गाडली. संगणकाच्या पडद्यावर उपग्रहाची वेळ पहिल्यांदा उमटली तेव्हा शिवांजली खुर्चीवरून उठून उभीच राहिली.

पण महिनाभरानं सरांचा फोन आला. ते जपून बोलत होते. घाटनांदूरच्या वेळा बाकीच्या केंद्रांशी जुळत नव्हत्या. इथं प्रत्येक लहर थोडी आधीच पोचलेली दिसायची. म्हणून सध्या हिशेबातून घाटनांदूर वगळलं होतं.

ती दुकानात येऊन पोत्यावर बसली. शिवलिंगप्पांनी काय झालं ते काढून घेतलं आणि त्यांना समजेल तेवढंच विचारलं: "चूक रोज येगळी हाय, का रोज तेवढीच?"

"तेवढीच. सेकंदाचा पाचवा हिस्सा."

"मग तराजू हलत न्हाई, नुसता काटा वाकडा हाय."

तिलाही तेच वाटत होतं, पण बापाच्या तोंडून ऐकल्यावर धीर आला. दुसऱ्या दिवशी दोघं अंबाजोगाईच्या कॉलेजात गेले आणि सरांनी तिथं केलेल्या फोनवर ऑसिलोस्कोप, म्हणजे विजेची लहर पडद्यावर दाखवणारं यंत्र, मागून आणलं. येताना टेंपोत शिवलिंगप्पांनी ते गोधडीत गुंडाळून मांडीवर धरलं होतं, आणि खड्डा आला की ड्रायव्हरकडं असं बघायचे, की तो गाडी चालवायचा सोडून ढकलायलाच उतरेल.

शिवांजलीनं आधी टाकीपाशी ठोका बघितला. सेकंदाला रेघ वर उडायची, थोडा वेळ वर राहायची आणि खाली यायची. ठीक. मग खाली संगणकापाशी बघितलं. इथं रेघ वरच होती, सेकंदाला खाली पडायची आणि थोड्या वेळानं वर यायची. ठोका वाटेत उलटा झाला होता. संगणक रेघ वर येण्याची वाट बघायचा, म्हणजे ठोका संपला की सेकंद धरायचा. त्याचं घड्याळ ठोक्याच्या रुंदीएवढं मागं राहिलं होतं, म्हणून लहर आधी पोचलेली दिसायची, आणि ती रुंदी बरोबर सेकंदाचा पाचवा हिस्सा होती. तिच्याच डबीत एक उलटापालट जास्त झाली होती.

तिनं पेचकस घेतला, ठोक्याच्या दोन तारा सोडवल्या आणि एकीच्या जागी दुसरी बसवली. पडद्यावरची रेघ सेकंदाला वर उडाली.

"एवढंच व्हय?" धोंडीरामनं विचारलं.

"एवढंच," ती म्हणाली, आणि हसता हसता तिचे डोळे भरले.

सरांना तिनं स्वतःची चूक आहे तशी सांगितली. ते म्हणाले, चूक सगळ्यांच्या हातून होते, पण ती असं मोजून शोधून काढणारे थोडे. पुढं एका दुपारी वारणेच्या बाजूला बारीक धक्का झाला. दोन दिवसांनी सरांचा फोन आला. बूथवाल्यानं रस्ता ओलांडून दुकानात हाक दिली, म्हणून शिवलिंगप्पाही मागोमाग आले.

"घाटनांदूर धरून हिशेब केला," सर म्हणाले. "प्रत्येक केंद्राभोवती काढलेली अंतराची वर्तुळं सगळी एका जागी मिळाली. आता बाकीच्या केंद्रांनाही अशा डब्या हव्यात. कराल का?"

तिनं हो म्हटलं. बूथच्या काचेबाहेर बाप उभा होता, पीठ लागलेले हात धोतराला पुसत. तिनं बाहेर येऊन सांगितलं. ते दुकानात परतले, गिऱ्हाइकाची साखर जोखायला घेतली आणि त्याला म्हणाले, "आमच्या शिवाच्या डब्या आता चार जिल्ह्यांत जायच्या हायेत. उपग्रहाचं टाइम तिच्या हातच्या यंत्रातनं जातंय."

गिऱ्हाईक साखरेकडं बघत राहिलं. शिवलिंगप्पांनी पारड्यात आणखी एक मूठ टाकली.