निपाणीची ट्विटर आक्का

राजमती मगदूमला नावाने हाक मारणारी माणसं गल्लीत आता थोडीच उरली आहेत. लहानथोर तिला ट्विटर आक्का म्हणतात. हे नाव पडलं दोन हजार तेरा साली. कोपऱ्यावरचा दिवा तीन महिने बंद होता आणि अर्ज करून करून सगळे थकले होते. राजमतीने कॉलेजात जाणाऱ्या मुलीकडून, प्रणिताकडून, ट्विटरवर खातं उघडून घेतलं आणि एका मोठ्या साहेबाच्या नावे तक्रार टाकली. तेव्हा एकशेचाळीसच अक्षरं मिळायची. दुपारभर खोडून-लिहून तिने ती बसवली. तिसऱ्या दिवशी खांबावर माणूस चढला.

नेमगोंडा, तिचा नवरा, दारात उभा राहून बघत होता. "त्या पाखरानं तुझं ऐकलं व्हय गं?"

"तुम्ही गल्लीतल्यांनी मिळून सात अर्ज केलासा. मी दोन वाक्यं लिहिली."

मग रांग लागली. कुणाची बस गावात थांबत नव्हती, कुणाच्या पोराचा निकाल अडकला होता. "आक्का, तेवढं ट्विट करा की," म्हणत बायका ओट्यावर येऊन बसायच्या. बीए झालेल्या बाईला एवढा मान आधी कधी मिळाला नव्हता. पुढे अक्षरं दुप्पट झाली, तेव्हा ती वैतागली. आता माणसं पाल्हाळ लावणार, म्हणाली. नावापुढची निळी खूण पैसे भरून मिळायला लागली, पाखरू जाऊन त्या जागी इंग्रजी एक्स आला. गल्लीने मात्र तिचं नाव बदललं नाही.

एक बदल मात्र तिला टोचायचा. तक्रारी मागे पडल्या आणि भांडणं वर आली. दर हिवाळ्यात सीमेचा वाद पेटला की दोन्ही बाजूंची बिननावाची खाती एकमेकांच्या आईबहिणी काढायची. मगदूमांच्या घरात बोलणं कानडी, शाळा मराठी. शेतातल्या बैलाला कानडीत हाकायचं आणि सोयऱ्याला पत्र मराठीत लिहायचं, यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नव्हतं. त्या खात्यांना मात्र माणूस एकाच बाजूचा लागायचा.

गेल्या वर्षी त्यांना प्रणिता सापडली.

बेळगावात उद्यमबागेतल्या एका फाउंड्रीत ती स्टोअर सांभाळते. ओतीव भाग मोजून द्यायचे, हे तिचं काम. मगदूमांच्या घरात मोजायचं ते कानडीतच. आजोबा तंबाखूच्या पेंढ्या मोजायचे तेही तसेच. त्या दिवशी ती भाग मोजत होती आणि एका कामगाराने मराठीत गेटपास मागितला. तिने वर न बघता हात केला, "निल्लरी," म्हणजे थांबा, आणि पुढे मोजत राहिली, "इप्पत्तेळु, इप्पत्तेंटु..." कुणीतरी ते मोबाइलवर घेतलं. सोळा सेकंदांचा तुकडा 'सीमेचा ढाण्या' नावाच्या खात्यावर आला. वर ओळ होती: मराठी माणसाला मराठीत उत्तर द्यायची हिला लाज वाटते.

चार लाख माणसांनी तो पाहिला. दुसऱ्या दिवशी पलीकडची खाती सरसावली. कर्नाटकात राहून ही मराठी बोलते, असं लिहून तिचा एक फोटो फिरला. दोन्हीकडून एकाच मुलीला शिव्या. मालक म्हणाले, निवळेपर्यंत घरी राहा. प्रणिताने आतल्या खोलीचं दार लावून घेतलं.

"अव्वा, मी मोजत होते गं," एवढंच ती आईला म्हणाली. "मोडलं असतं तर पहिल्यापासून मोजावं लागलं असतं."

राजमती तिच्यासमोर रडली नाही. तिने खुर्ची खिडकीशी ओढली आणि त्या ढाण्याचं खातं उघडलं. तो माणूस तिला हवा होता. आपली मुलगी जशी चारचौघांत उघडी पडली, तसाच तोही पडायला हवा होता.

खात्याचं नाव बदललं तरी जुनं लिहिलेलं तिथेच राहतं, हे अकरा वर्षांच्या अनुभवाने तिला ठाऊक होतं. रोज दुपारी ती मागे मागे जात राहिली. बावीस हजार अनुयायी असलेला ढाण्या मागे जाईल तसा लहान होत गेला. दोन हजार चौदाला त्याला चाळीस माणसंही ओळखत नव्हती. तिथे नव्या मोटारसायकलचा फोटो होता, मागे घराच्या दारावर 'शालू निवास, कंग्राळी', आणि खाली भावकू नावाच्या कुणीतरी लिहिलं होतं, "विक्रमदादा, पेढे कुठं?"

आणखी थोडं मागे गेल्यावर राजमतीचा हात थांबला. तारीख एक नोव्हेंबर. ज्या दिवशी कंग्राळीसारख्या गावांतली मराठी माणसं काळी पट्टी बांधून फेरीत चालतात, त्या दिवशी हा ढाण्या गळ्यात कानडी झेंड्याचा लाल-पिवळा पट्टा घालून कर्नाटक राज्योत्सवाच्या मिरवणुकीत नाचत होता. खाली कानडीत शुभेच्छा.

ती एकटीच हसली. कितीतरी दिवसांनी.

कंग्राळीला ती एकटी गेली. विक्रमच्या आईने, शालूबाईने, ओळख नसताना पाट दिला, ताक पुढे केलं. राजमतीने ताकाला हात लावला नाही.

"तुमचा विक्रम काय करतो?"

"उद्यमबागेत सुपरवायझर हाय की. माल न्यायला फाउंड्रीत जातो. अन् मराठीसाठी लई लढतो बगा. त्याच्या बापानं सगळी हयात काळ्या दिवसाच्या फेरीत घालवली. पोरगं त्याच्यावरच गेलंय."

तेवढ्यात विक्रम आला. राजमतीने फोन त्याच्यासमोर धरला, पण त्याच्या आईला दिसणार नाही असा. त्याचा चेहरा उतरला.

"काकू, जरा भायेर या."

गोठ्याच्या आडोशाला तो कुजबुजत बोलू लागला. "मालकानं सुट्टी दिलती, पोरांबरोबर गेलतो. एवढंच की!"

"माझी मुलगीही मोजत होती, एवढंच."

"ते काय हाय काकू, लोकांस्नी राग आल्याबिगर ते पुढं पाठवत न्हाईत. पर्सनल घेऊ नका."

"पर्सनल? चार लाख लोकांत तिचं तोंड आहे. तुझं तोंड कुठं आहे रे? वाघाचा फोटो लावून बसलायस."

"काय पायजे तुमास्नी?"

"अख्खा व्हिडिओ टाक. उद्या सकाळी नऊच्या आत."

"आन् ह्यो फोटो?"

"टाकणार नाही."

"शब्द?"

"शब्द."

आतून शालूबाईने हाक मारली, "ताक घेतलं न्हाई वं बाई तुम्ही!"

विक्रमने अख्खा व्हिडिओ टाकला. एक मिनिट पन्नास सेकंद. त्यात प्रणिता तीसपर्यंत मोजते, वही मिटते आणि वळून हसत म्हणते, "हं दादा, बोला. मोजणी मोडली असती म्हणून थांबवलं." त्याने खाली माफीचीही ओळ घातली. मालकांनी तो पाहिला आणि सोमवारपासून कामावर ये म्हणाले. प्रणिताने दार उघडलं, केस धुतले.

इथे राजमतीने थांबायला हवं होतं, असं नेमगोंडा आजही म्हणतो. पण रविवारी संध्याकाळी तिने आकडा बघितला. खोटं चार लाखांनी पाहिलं होतं. खरं सहाशे अकरा जणांनी. त्यातला एक म्हणत होता, ढाण्या घाबरला काय?

सोमवारी प्रणिता साडेसहाच्या बसने गेली. सात वाजता राजमतीने दोन्ही फोटो टाकले, वाघाचा आणि लाल-पिवळ्या पट्ट्याचा. वर एकच ओळ: ढाण्या एक नोव्हेंबरला कुठे असतो? सीमेच्या दोन्ही बाजूंच्या मोठ्या खात्यांची नावं तिने खाली जोडली. ओळ बरोबर एकशेचाळिसाच्या आत होती.

नऊपर्यंत ती साठ हजारांनी पाहिली. मराठी माणसं त्याला गद्दार म्हणत होती, कानडी माणसं भित्रा. राजमतीने भाकऱ्या थापल्या. प्रत्येक भाकरीनंतर पीठ झटकून ती आकडा बघे.

दहाला विक्रमचा फोन आला. मागे शालूबाईचं रडणं ऐकू येत होतं.

"काकू, शब्द दिलता तुम्ही."

"व्हय, दिलता."

"आई जेवंना. बापाचा फोटो उतरवून घेऊन बसलीया. म्हणती, ह्यास्नी काय तोंड दाखवू."

"माझी मुलगी एकवीस दिवस धड जेवली नव्हती," राजमती म्हणाली आणि फोन ठेवला. तिला हलकं वाटलं. खोटं कशाला सांगायचं, फार हलकं वाटलं.

मग तिने खालची उत्तरं वाचायला घेतली. पहिल्याच उत्तरात कुणीतरी विचारलं होतं, ती मुलगी कोण होती म्हणे? त्याखाली तुकडा होता. सोळा सेकंदांचाच. 'गडीनाड' नावाच्या कुण्या कानडी खात्याने नव्याने टाकलेला, आणि आताच बत्तीस हजारांनी पाहिलेला.

अकराच्या सुमाराला प्रणिताचा निरोप आला. "अव्वा, कँटीनमध्ये सगळे परत माझ्याकडे बघताहेत. काय झालंय?"

राजमतीने उत्तर लिहायला घेतलं, पुसलं, पुन्हा लिहिलं, पुन्हा पुसलं. स्वयंपाकघरातून नेमगोंडाने विचारलं, "पोरीचा निरोप काय गं?"

"पोचली म्हणतेय."

मग खुर्ची तिने खिडकीशी घेतली. त्या गडीनाडचं खातं उघडलं आणि त्याने अगदी पहिल्यांदा काय लिहिलं होतं ते शोधायला ती मागे मागे जाऊ लागली.