नवं विमान आणि पिराजीचा जळफळाट

कळंब्याच्या पिराजीनं बावीस वर्षं विमानांच्या पोटाखाली काढली. माळावर विमान शिकवायची शाळा होती, तिथला तो मेकॅनिक. नुसत्या आवाजावरनं इंजिनाचं दुखणं सांगायचा. पण उडवणं सोडाच, विमानात बसून एकदा वरही गेला नव्हता.

त्याच शाळेत शिकणारा राजवर्धन मात्र दोन वर्षांत पायलट झाला. बापाची दूधडेअरी, मग पोराला पंख फुटायला कितीसा उशीर! त्यात पोरगं गोड. "पिराजीमामा" म्हटल्याबिगर बोलायचं नाही. माजोरी असतं तर मनसोक्त जळता तरी आलं असतं.

शाळेत नवं विमान आलं. पूजेला पिराजीची बायको झुंबरबाईपण आली. हार घातला, नारळ फोडला, चाकाखाली लिंबू ठेवलं. राजवर्धन तिच्या पाया पडला. झालं! परत जाताना मोटारसायकलवर मागनं तिचं सुरू.

"काय पोरगं हाय वो! आन् तुमी? बावीस वर्सं झाली, कवा वर गेलायसा?"

पिराजीनं गिअर असा टाकला की बाईला हिसका बसला.

नवं विमान पोचवायला आलेला पायलट पिराजीला बजावून गेला होता, "हे जुन्यासारखं नाही. जुन्याच्या वेगानं उतरवलं तर टेकतच नाही, तरंगत राहतं. खाली बसवायला घाईनं दांडी पुढं ढकलली की नाकावर आपटतं. पोरांना सांग."

दुसऱ्या दिवशी सकाळी शिक्षकानं शेजारी बसून राजवर्धनकडनं दोन फेऱ्या मारून घेतल्या. वेग सगळा शिक्षकानंच सांभाळला. दुपारी पोरगं एकटं निघालं.

"मामा, काय सांगायचं हाय का?"

शब्द पिराजीच्या जिभेवर आला. पण कानात झुंबरबाई बसलेली.

"न्हाय. जा की."

उतरताना विमान पट्टीवर आलं आणि टेकेचना. अर्धी पट्टी सरली. 'बस आता बोंबलत,' पिराजीच्या मनात आलं. तेवढ्यात पोरानं दांडी ढकलली. नाक आपटलं, उसळलं, परत आपटलं. पुढचं चाक मोडलं आणि पंखा डांबर खरवडत गेला. पिराजी पळतच सुटला.

राजवर्धन आपल्या पायानं उतरला. फक्त ओठ फुटलेला. शाळेचे साहेब धापा टाकत आले. पिराजी पुढं झाला.

"सायेब, ह्ये तरंगतंय त्ये मला ठावं हुतं. ह्यानं इचारलंबी. मी सांगितलं न्हाय."

"का?"

"जळलो. दुसरं काय?"

राजवर्धननं ओठ पुसला. "ऱ्हाऊ द्या सायेब. इमान टेकंना म्हटल्यावर परत वर उठायचं, ह्ये शिकीवलंय की मला. चूक माझी हाय."

तेवढं कबूल करताना पिराजीला दरदरून घाम फुटला होता. ह्या पोरानं मात्र पाणी पिल्यागत बोलून टाकलं.

"ह्येबी ह्यालाच जमतंय," पिराजी पुटपुटला आणि मोडलं चाक काढायला पाने आणायला शेडकडं वळला.