बबनदादाचं ॲप माझा चेहरा ओळखतं

माझ्या आंधळ्या भावाला त्याच्या डॉक्टरशी बोलायला माझे डोळे लागायचे.

आणि मी त्या आठवड्यात ड्यूटीवर होतो.

त्याला आज वर्ष झालं.

बबनदादा आमच्या गावात, बोरी अरबला, खुर्च्या विणायचा. जन्मापासून दिसत नव्हतं, पण एक पट्टी ढिली राहू द्यायचा नाही. हार्टचा त्रास होता.

दवाखान्यात मी सोबत जायचो. डॉक्टर दरवेळी मलाच विचारायचे, "यांना काय होतंय?"
दादा शेजारीच बसलेला असायचा.

मग ते बोलणारं ॲप आलं. स्क्रीनवर बोट फिरवलं की वाचून दाखवायचं, कॉलवर डॉक्टर भेटायचे.
पहिल्या कॉलनंतर दादानं फोन पुसून खिशात ठेवला. मग म्हणाला, "आज डॉक्टरनं मले इचारलं लेका. तुले नाही."

त्यानंतर काय, दिसत नसलेला कोणी भेटला की याचा ॲप शिकवायचा क्लास सुरू. ॲपवाल्यांनी त्याचा फोटो काढून पोस्टरवर छापला.

आणि अपडेट आलं.
लॉगिनला चेहरा दाखवा. त्याच गोड आवाजात, "कृपया डोळ्यांची उघडझाप करा."

दादाच्या पापण्या जन्मापासून मिटलेल्या.

हेल्पलाइनला फोन लावला. बाई म्हणाल्या, "सर, घरातल्या कोणाचाही चेहरा लावा ना."
मी माझा लावला. दादाला विचारलंही नाही. वर स्वतःवर खूश.

पुढे मला लांब राजूरला खाणीत काम लागलं. ॲप मधूनमधून लॉगआउट व्हायचं आणि दादा माझी वाट पाहायचा.

त्या आठवड्यात त्याचे पाय सुजले. शेजारच्या शांताकाकू म्हणाल्या, "बबन, दवाखान्यात चाल. ऑटो बोलावू काय?"
"कायले? ॲपवर माहा डॉक्टर हाय ना."

मग मला फोन केला. "लॉगआउट झालं बे. येऊन जातं काय?"
"शिफ्ट हाय दादा. रविवारी येतो."
"बरं. सावकाश ये."

पाय सुजल्याचं मला बोललाच नाही. मीही काही विचारलं नाही.

शनिवारी गेला.

काकूंनी सांगितलं, सकाळपासून फोन तोंडासमोर धरून बसला होता. बोटांनी पापण्या उचलून पाहत होता.

ते पोस्टर अजून लावलेलं आहे. दादा हसतोय, खाली लिहिलंय "प्रत्येकासाठी". ॲपवाल्यांनो, थोडी लाज असेल तर काढा ते. आमच्या माणसानं तुमच्यावर विश्वास ठेवला होता.

आणि मी तरी काय वेगळा? त्याला त्याचा डॉक्टर मिळाला होता. मी परत दोघांच्या मध्ये जाऊन बसलो, आणि मग उठून निघून गेलो.

तेरवी झाल्यावर त्याचा फोन उघडला. ॲपनं चेहरा मागितला. मी डोळे मिचकावले. लगेच उघडलं.

"स्वागत आहे, बबनराव. आज तब्येत कशी आहे?"

दादा, रविवारी मी आलो होतो रे.
शेवटचा नमस्कार.