फटफटी आणि भावजींची चुकलेली बोट

आमच्या घरात माझ्या थोरल्या बहिणीच्या, अक्काच्या, नवऱ्याची, म्हणजे भावजींची, एक गोष्ट फार वर्षे सांगितली जाते. त्यांनी माझ्या फटफटीत पेट्रोलऐवजी घासलेट ओतले, त्यामुळे पावसाळ्याआधीची शेवटची आगबोट चुकली आणि मुंबईची नोकरी गेली. लग्नकार्यात पंगत उठली, विड्याची पाने जुळवून झाली, की कोणीतरी ही गोष्ट काढतो आणि सगळे हसतात. भावजी होते तोवर तेही हसत. गोष्ट खोटी आहे. खरे काय घडले ते मला एकट्याला ठाऊक होते. ते आता लिहून ठेवतो.

सन तीसनंतरची ती वर्षे. मी रत्नागिरीला कचेरीत कारकून होतो. एक गोरा साहेब विलायतेला परत निघाला, तेव्हा त्याची जुनी फटफटी मी घेतली. सायकलीच्या पोटात इंजिन बांधावे, एवढीच ती होती. मागच्या चाकाला साखळी नव्हती, पट्टा होता. तो उन्हात सैल पडे आणि दमट हवेत घसरे, मग त्याला राळेची पूड चोळावी लागे. मोठा चढ आला की उतरून तिच्याबरोबर पळावे लागे. जांभ्याची तांबडी धूळ तिच्या प्रत्येक फटीत शिरे. दर रविवारी मी पडवीत गोणपाट अंथरून तिचे भाग सुटे करी, प्लगवरची काजळी खरवडी, आणि पुन्हा जोडताना एखादा वायसर हातात उरला की दुपार तिथेच जाई. सुटा भाग मुंबईहून बोटीने यायचा. तोवर ती भिंतीला टेकून उभी राही आणि येणारा-जाणारा विचारी, "काय, आज चारा नाही खाल्ला वाटतं?"

मला हे सगळे फार आवडे. कचेरीत मी शेवटच्या टेबलावरचा माणूस. फटफटीपाशी बसलो की आपल्यालाही काही कळते असे वाटे.

पावसाळ्यात बोटी बंद, त्यामुळे पेट्रोलचे डबेही बंद. मिरकरवाड्याचे मच्छीमार आगोटीला, पावसाच्या तोंडावर, होड्या वर ओढून घेत, त्यांना मुशीचे, म्हणजे शार्क माशाचे, तेल चोपडत आणि नारळाच्या झापांनी शाकारून ठेवत. मीही फटफटी तशीच ठेवू लागलो. तेल देणारा एक म्हातारा तांडेल, होडीवरचा म्होरक्या, होता. तो म्हणे, "सायेब, ह्यो खारा वारा लोखंड बघत नाय नि लाकूड बघत नाय. गावंल ते खातो. तेल लावा नि झाकून ठेवा." त्याने लावा म्हटले ते बाहेरून. त्यात त्याची काही चूक नव्हती.

मुशीच्या तेलाची घाण ज्याने घेतली आहे त्यालाच ती कळेल. आई म्हणे, "मासे मी आवडीनं खाते रे, पण ही तुझी मुशी पडवीत उभी करू नकोस. गावातली सगळी मांजरं दारात येऊन बसलीत!" तेव्हापासून घरात फटफटीला मुशी हेच नाव पडले.

त्या वर्षी वैशाखात टाकीचे झाकण उघडून आत पाहिले, तर गंज. होडी आतून-बाहेरून चोपडतात, मग टाकी का नको, असे मला वाटले. मी टाकी रिकामी केली, आत मुशीचे तेल घालून चांगली घुसळली, उरलेले ओतून टाकले आणि झाकण काढून उन्हात ठेवली. त्या तेलाची उन्हात साय धरते, दुधावर धरावी तशी. लाकडावर ती साय बसावी म्हणूनच ते लावतात. टाकीत पुन्हा पेट्रोल पडले की ती सुटेल, हे माझ्या डोक्यात आले नाही.

भावजी मुंबईला एका छापखान्यात अक्षरांचे शिशाचे खिळे जुळवण्याचे काम करीत. मंदीचे दिवस होते. छापखान्याच्या दारात रोज कामासाठी माणसे उभी असत. रजा देताना मालकाने बजावले होते, की बोटी बंद व्हायच्या आत आला नाहीस तर जागा भरीन. भावजींचे गाव हातखंब्याच्या बाजूला, बंदरापासून बरेच लांब. गावातल्या मुंबईकरांनी मिळून शेवटच्या बोटीसाठी बैलगाडी ठरवली होती. ती पहाटे निघणार, भावजीही तिच्यातूनच जाणार होते.

मी आदल्या संध्याकाळी फटफटीवरून त्यांना निरोप द्यायला गेलो. बेत बदलला तो मी.

"भावजी, गाडीत बसून हाडं कशाला खिळखिळी करून घेता? ट्रंक जाऊ दे गाडीतून. तुम्ही सकाळी निवांत जेवा. बोट दुपारची आहे. मी तुम्हाला तासाभरात बंदरावर नेऊन सोडतो."

अक्का चुलीपुढून म्हणाली, "मेल्या, तुझी ती मुशी वाटेत बसली तर?"

"बसली तर खांद्यावर घेऊन जाईन."

"कोणाला, मला की फटफटीला?" भावजींनी विचारले. अक्का हसली. धाकटी मुलगी त्यांच्या मांडीवरून उतरायला तयार नव्हती. ते राहिले.

खरे तर येताना फटफटी दोनदा अडखळली होती. मी ते कोणाला सांगितले नाही.

दुसऱ्या दिवशी जेवण झाले. मी हात धूत असताना भावजी म्हणाले, "पेट्रोल मी ओततो, तू आवर." माझा एक जादा डबा अक्काकडे मागच्या पडवीत असे. त्याच्या शेजारीच घासलेटचा डबा. दोन्ही सारखेच, पत्र्याचे. भावजींनी पेट्रोल ओतले आणि आम्ही निघालो.

अर्ध्या वाटेवर, एका चढाच्या तोंडाशी, फटफटी खोकली आणि बंद पडली. ढकलून पाहिली, बोलेना. भावजी उन्हात उभे होते. म्हणाले, "मी चालत सुटू का? पाय उचलले तर गाठीन."

"थांबा हो, दोन मिनिटांचं काम आहे."

ते तांब्या घेऊन जवळच्या घरी पाणी मागायला गेले. तेवढ्यात मी पेट्रोलची नळी सोडली आणि कार्बुरेटर उघडला. आत तपकिरी रंगाची, कांद्याच्या पापुद्र्यासारखी साय अडकलेली. वास पेट्रोलचा आणि मुशीचा, घासलेटचा नव्हे. टाकीत बोट घातले तर तशीच चिंधी बोटाला लागून आली. ती टाकी धुतल्याखेरीज फटफटी चालणार नव्हती. मला तेव्हाच कळले होते. ते परत आल्यावर मी एवढेच म्हणायला हवे होते, की भावजी, माझी चूक झाली, तुम्ही पळा. त्यांनी बोट गाठली असती.

ते आले. मी बोट धोतराला पुसले आणि विचारले, "भावजी, डबा कुठला घेतलात?"

ते थबकले. "पेट्रोलचाच की. भिंतीकडचा."

"भिंतीकडचा? नक्की?"

"म्हणजे… मला वाटतं भिंतीकडचाच." त्यांचा चेहरा उतरला. "घासलेट पडलं की काय रे?"

मी हो म्हटले नाही, नाहीही म्हटले नाही. "बघतो," म्हणालो. खाली वाकून भाग पुसत राहिलो, फुंकत राहिलो, आता सुरू होईल म्हणत राहिलो. त्यांना वाटत होते चूक त्यांची आहे, म्हणून त्यांना मला सोडून निघवेना. उलट तेच फटफटीचा काढलेला पट्टा हातात धरून उभे. शेवटी आम्ही दोघे फटफटी ढकलत निघालो. रत्नागिरीजवळच्या उंचवट्यावरून समुद्र दिसला, तेव्हा बोट धूर सोडत बंदराबाहेर पडली होती. उतारूंना बोटीपर्यंत नेणारे पडाव रिकामे परत येत होते.

भावजी म्हणाले, "माझ्याच हातून झालं. तू वाईट वाटून घेऊ नकोस."

त्यांची ट्रंक मात्र मुंबईला गेली. ते पुढच्या पडावातून येतील, म्हणून सोबत्यांनी ती बोटीवर चढवली होती. भावजी उसनवारी करून मोटारीने घाट चढून कोल्हापूरमार्गे गेले. पोचले तोवर त्यांच्या जागी दुसरा माणूस खिळे जुळवत होता. काही दिवस दारोदार हिंडले आणि, ट्रंकेचे भाडे परवडेना म्हणून ती तिथेच ठेवून, परत आले. नारळी पौर्णिमेनंतर एका सोबत्याने पहिल्या बोटीने ट्रंक आणून दिली.

पुढे ते रत्नागिरीत एका दुकानात लिहिण्याच्या कामाला लागले आणि तिथेच म्हातारे झाले. पोरे वाढली, पण ओढगस्तीत. घरात काही कमी पडले की अक्का म्हणे, "खिळे उलटे वाचत होतात म्हणे, आणि साधा डबा ओळखता आला नाही!" दिव्यात तेल घालायचे झाले, तरी ते आधी डब्याला नाक लावून वास घेत, झाकण लावीत, पुन्हा काढून वास घेत. मी समोर बसलेला असे. दरवेळी वाटे, आता सांगावे. पण पहिल्या दिवशी जे बोललो नाही, ते दहाव्या वर्षी कसे बोलायचे हे मला कधी जमले नाही. फटफटी मी पुढच्याच वर्षी विकली. तिला हात लावावासा वाटेना.

भावजींना जाऊन आता काही वर्षे झाली. यंदा उन्हाळ्यात अक्काकडे गेलो होतो. ती ओसरीवर आमसुले वाळत घालत होती. मी तिच्यापुढे बसलो आणि सगळे सांगितले. टाकी, साय, आणि मी विचारलेला तो प्रश्न.

तिचे हात थांबले. ती म्हणाली, "तेव्हाच बोलला असतास तर ते हसले असते रे. मेहुण्याची फटफटी, म्हणून आयुष्यभर तुझीच थट्टा केली असती."

"अक्का, बोल मला. हवं ते बोल."

"तुला बोलून काय करू? मी त्यांना बोलले. शेवटच्या आजारातसुद्धा. औषधाची बाटली हातात घेतली, तर म्हटलं, बघून प्या, घासलेट नाही ना." तिने पदर तोंडाला लावला. नंतर म्हणाली, "पोरांना तू सांग. मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारीला आता नवऱ्याचा पुळका आला."

म्हणून पितृपक्षात भावजींच्या तिथीला सगळे जेवायला जमले, तेव्हा मी सांगितले. ही गोष्ट सर्वांत रंगवून सांगणारा त्यांचा थोरला मुलगा तेव्हा भात वाढत होता. तो पातेले हातात धरून तसाच उभा राहिला.

"मामा, म्हणजे बाबांनी पेट्रोलच ओतलं होतं?"

"पेट्रोलच."

"डबा बरोबर होता?"

"बरोबर होता. टाकी मी बिघडवली होती, आणि गप्पही मीच बसलो."

पोरगा साठीला आलेला, पण चेहरा लहान मुलासारखा झाला. माझ्या पानापाशी आला, वाढायचे विसरला, आणि पुन्हा विचारले, "नक्की ना मामा?"

मी काही म्हणायच्या आत आतून अक्का ओरडली, "नक्की म्हणजे काय! त्यांचं नव्हतंच काही चुकलेलं. आता वाढ मामाला, भात निवतोय."

त्याने माझ्या पानात भात वाढला. दोन वेळा वाढला. नंतर पातेले खाली ठेवून मागच्या दारी गेला, आणि बराच वेळ आत आला नाही.