चाळीसची हवा आणि ताईची सासू

माझ्या दादानं जुन्या जीपला असले मोठे टायर बसवले की गाडीत चढायला आईला स्टूल लागायचं. अर्धापूरला आमची केळीची बाग हाय. चिखलात गाडी फसू नये म्हणून घेतले, असं दादा म्हणायचा. खरं म्हंजे लोकांनी वळून बघावं म्हणून घेतले. अन् लोक बघायचेबी, कारण डांबरावर ते टायर असे घोंघावायचे की पिठाची गिरणीच रस्त्यानं निघालीय जनू.

मला तो आवाज हुबेहूब काढता येतो. मला कुणाचाबी येतो. हेडमास्तरचा, कंडक्टरचा, शिंक अडकलेल्या आमच्या काकाचा. शाळेत त्याच्यावरच पास झालो असं घरचे म्हणतात.

ताईला सातवा महिना लागला होता. पहिलं बाळंतपण माहेरी, म्हणून भावांनी लातूरला जाऊन तिला आणायचं ठरलं. दादा म्हणाला, "माझ्या जीपमधूनच आणणार." निघताना पंक्चरच्या दुकानावर थांबलो. दुकानवाल्यानं इचारलं, "किती टाकू?" दादानं वाकून टायरवरची बारीक अक्षरं वाचली अन् ऐटीत सांगितलं, "चाळीस. टायरवरच लिहिलंय."

तो आकडा म्हंजे ह्याच्या वर जाऊ नका, अशी ताकीद होती. आम्ही हुकूम समजलो.

नांदेड सोडल्यावर कळालं. टायर झाले दगड. रस्त्यावर खडा आला तरी माझ्या मणक्याला बातमी. लोह्याच्या पुढं एका गतिरोधकावर दादाचं डोकं टपाला लागलं अन् तो म्हणाला, "सस्पेन्शन मोकळं होऊन राहिलंय." अहमदपूर येईस्तोवर माझंच सगळं मोकळं झालं होतं.

ताईची सासू अंगणवाडीत सेविका. लेकरांची वजनं करून करून तिची नजरच काट्यासारखी झालेली. आम्ही उतरलो, "जय भीम मावशी" म्हणालो. तिनं जय भीम घेतला, पण बघत होती जीपकडं.

"येताना गाडी कशी चालली?"

"एकदम लोण्यावानी," दादा म्हणाला.

मावशी माझ्याकडं वळली. "हा नकला करतो म्हणं. गाडी कशी चालली, करून दाखव बरं."

दादानं डोळे वटारले. पण समोर पब्लिक होती हो. ताई, मावशी, शेजारच्या दोघी. माझं तोंड आपोआप सुटतं. घूंऽऽ करत मी खुर्चीत उडालो, आपटलो, दादासारखं डोकं चोळलं, "मोकळं होऊन राहिलंय" म्हणालो. मावशी पदर तोंडाला लावून हसली. मग डोळे पुसले अन् शांतपणे म्हणाली, "ह्या गाडीत माझी सून न्हाई पाठवायची. बाळंतपण इथंच करू."

ताईची बॅग दाराशी भरून ठेवलेली होती. तिनं माझ्याकडं असं बघितलं की मला कुणाचाच आवाज काढता येईना.

जेवताना दादा टायरच्या हवेचे व्हिडिओ बघत होता. मोबाईलमध्येच डोकं. सकाळी टायर गार असतानाच तो मावशीला म्हणाला, "एक खडू द्या." अंगणवाडीचा खडू घेऊन त्यानं चारी टायरवर आडव्या जाड रेघा ओढल्या.

"टायरला अक्षरं गिरवायला शिकवून राहिलास का?" मावशी म्हणाली.

"आता गाडी थोडी सरळ चालवून आणायची, मावशी. जिथली रेघ पुसली, तिथंच टायर रस्त्याला टेकतो."

गल्लीतून थोडं जाऊन आलो. रेघ मधीच पुसलेली, दोन्ही कडा पांढऱ्याफेक. मावशी खाली बसून बघत होती. "म्हंजे नुसतं पोट टेकून राहिलंय. फुगलाय लई."

दादानं भस्सकन हवा सोडली. पुन्हा रेघ, पुन्हा फेरी. आता कडा पुसल्या, मधला भाग तसाच. अन् स्टेअरिंग इतकं जड, की दादा घामाघूम.

"मी लेकराला काट्यावर असं धपकन टाकते का?" मावशी करवादली. "थोडं थोडं कर. अन् रिकाम्या गाडीत काय मोजून राहिलास? माणसं बसू दे की." असं म्हणून ती स्वतःच चढली. स्टूल न घेता.

मग गाडीतल्या छोट्या पंपानं थोडी भर, रेघ ओढ, फेरी मार, खाली वाकून बघ. पोरं जमली, खडू संपला, दुसरा आला. अठ्ठावीसवर रेघ ह्या कडेपासून त्या कडेपर्यंत सारखी पुसली. दादा खुश. मावशी न्हाई.

"आकडा मला सांगू नको," ती म्हणाली. घरातून काठोकाठ भरलेला तांब्या आणला, मांडीवर धरला. "चल."

मोठ्या रस्त्यानं लांब चक्कर मारली. मी मागं बसून तांब्याकडंच बघत होतो. एकदाच घोटभर पाणी तिच्या लुगड्यावर सांडलं. दादानं ब्रेकवर पाय ठेवला. मावशीनं लुगडं झटकलं, मागं वळून बघितलं अन् म्हणाली, "ते खड्ड्याचं. टायरचं न्हाई."

दारात उतरल्यावर तिनं मला बोलावलं. ताई उंबऱ्यात उभी.

"आता कर नक्कल."

मी तोंड उघडलं. उडू म्हणलं तर उडण्यासारखं काही झालंच नव्हतं.

"घूंऽऽऽ," मी म्हणालो.

"बस्स?"

"बस्स, मावशी."

तिनं तांब्यातलं उरलेलं पाणी पुढच्या टायरवर ओतलं अन् ताईची बॅग स्वतः उचलून जीपमध्ये ठेवली. "हळू चालव. दर सकाळी गार असताना हवा बघ. अन् ह्या नकल्याला तोंड उघडू देऊ नको."

अहमदपूरला तिचा फोन आलाच. "पोरी, हिसके बसून राहिलेत का गं?"

"लई बसून राहिलेत, आत्या," ताई पोट धरून हसत म्हणाली. "पण गाडीचे न्हाई. हा मागं बसून तुमचाच आवाज काढून राहिलाय."