पाऊस पडेपर्यंत

दूध नासलं, की त्या आंबूस वासानं मी अजून वडवणीला पोचते. माझे वडील, अण्णा, उसाची मोळी घेऊन ट्रकवर चढताना पडले आणि त्यांचे पाय लुळे झाले. चाकाची खुर्ची मागायला आई दवाखान्यातल्या सरकारी विमा योजनेच्या टेबलापाशी गेली.

"योजनेत ऑपरेशन हाय, खुर्ची न्हाई," तिथला माणूस म्हणाला.

दुष्काळानं दूध सोसायटी बंद होती. चेअरमननं दुधाचे कॅन वाहायचा हातगाडा दिला. "पाऊस पडून सोसायटी सुरू झाली, की आणून द्या बरं का."

अण्णांना त्यात बसवून आई निघाली. वर बघून हरखली, "लई दिवसांनी ढग आलेत!"

अण्णांनी गाड्याची कड घट्ट धरली. मला तेव्हा वाटलं, हिसक्यानं पडतील म्हणून धरली असेल.