फुलोऱ्यातली वेणी

भाद्रपदातल्या महालक्ष्म्यांना आमच्याकडे फुलोरा बांधतात. कणकेची वेणी, फणी, करंज्या तळायच्या आणि देवींच्या डोक्यावर दोऱ्याने टांगायच्या. सासूबाईंनी ही पद्धत नागपूरहून भोपाळला आणली आणि आनंद नगरच्या घरात एकही वर्ष चुकवली नाही. गेल्या वर्षी मात्र महालक्ष्म्यांच्या आधीच अर्धांगवायूने त्यांचा उजवा हात गेला, आणि वेणी घरात दुसऱ्या कोणालाच येत नव्हती.

"वहिनी, तीस वर्षं झाली तुम्हाला या घरात. एवढंही शिकला नाहीत?" पुण्याहून आलेले धाकटे दीर सोफ्यावरून म्हणाले. "परंपरा अशाच बुडतात."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाने आयुष्यात स्वतःची ताटली कधी उचललेली नाही! आणि तीस वर्षं मी कुठे होते? तळणीला. सासूने वळायचं, सुनेने तळायचं, हा सासूबाईंचा नियम. त्या मागे टेबलाशी वळत बसायच्या, मी भिंतीकडे तोंड करून ओट्याशी उभी. जरा मान वळवली की आवाज यायचा, "लक्ष कढईत ठेव." वेणी माझ्या हाती यायची ती तयार होऊनच.

मी सरळ सासूबाईंपुढे जाऊन उभी राहिले. "तुम्ही कधी बघू दिलंत का मला? आता बोल मात्र मलाच."

"मला तरी कोणी बघू दिलं?" त्या म्हणाल्या. "माझ्या सासूबाई गेल्या त्या वर्षी कणीक हातात घेऊन रडले होते मी."

ऐकून राग निवायचा तर उलट भडकला. "हे ठाऊक असून मलाही तिथेच उभं केलंत?"

त्यांनी नुसतं ओट्याकडे बघितलं. मीही वळले. सून भिंतीकडे तोंड करून उभी होती. मुलगी भोपाळचीच, आमच्याकडच्या तिच्या पहिल्याच महालक्ष्म्या.

"मम्मी, तेल गरम हो गया," ती मागे न बघताच म्हणाली. "दो, क्या तलना है?"

तिला तिथे सकाळी मीच उभं केलं होतं. माझा मलाच संताप आला. मी झारा दिरांच्या हातात कोंबला. "भाऊजी, तळायला तुम्ही." सुनेला सासूबाईंच्या समोर बसवलं आणि तिच्या शेजारी मी बसले. सासूबाई तोंडाने सांगत होत्या, चुकलं की डाव्या हाताने फटका मारत होत्या.

तीन वेण्या तुटल्या. चौथी टिकली. ती सुनेने वळली होती, आणि वळताना मी बघत होते.